चालीचा धनी

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत गावोगावच्या जत्रा लागल्या की देवळाच्या वाटेवर आधी सनई, संबळ आणि हलगी वाजते. पालखी देवळात जाते, आरती होते आणि मग बँडवाले मोकळे होतात. त्यानंतरच्या तासाभरात एखादं तरी गाणं दादा कोंडक्यांच्या चित्रपटातलं निघतंच. पहिली सुरावट वाजताच मागची पोरं शब्द धरतात आणि पारावरची म्हातारी माणसं मान डोलावतात. चित्रपट कुठला, बाई कोण होती, दादा कुठल्या शब्दावर डोळा मारत होते, हे सगळं लोकांना पाठ असतं. चाल कुणाची असं विचारलं, तर उत्तर येतं, "दादांचीच की!"

हे उत्तर चुकीचं आहे. चित्रपटाला संगीत देणाऱ्या माणसाची कारकीर्द कशी घडते, ती कुणाच्या जिवावर चालते, तिच्यातलं काय उरतं आणि काय पुसलं जातं, याचा आढावा घ्यायला भोरइतकी योग्य जागा दुसरी सापडणार नाही. दादा कोंडके मूळचे भोरजवळच्या इंगवलीचे. जन्म 1932 चा, वाढ मुंबईत नायगावच्या चाळीत, घर गिरणी कामगारांचं. मावळातली आणि घाटमाथ्यावरची माणसं गिरणगावात गेली ती आपली भजनं, जागरण-गोंधळ, भारुडं आणि लावण्या बरोबर घेऊन. दादा तरुणपणी बँडमध्ये होते, मग सेवादलाच्या कलापथकात आणि वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात आले. वाजवणाऱ्यांच्या आणि गाणाऱ्यांच्या घोळक्यातच त्यांचा कान तयार झाला. या कानाने पुढे दोन संगीतकारांच्या कारकिर्दींना वळण दिलं. त्यांच्याकडे येण्याआधी मागची वाट पाहायला हवी.

6 फेब्रुवारी 1932 ला 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला आणि मराठी बोलपटाबरोबर मराठी चित्रपट संगीतकार नावाचा माणूसही जन्माला आला. हा पहिला माणूस म्हणजे गोविंदराव टेंबे. त्यांनी संगीत दिलं आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. नाटक कंपनीत गाणारा, वाजवणारा आणि चाल बांधणारा एकच असायचा, तीच रीत इथे चालू राहिली. 1933 मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली आणि केशवराव भोळ्यांनी 'अमृतमंथन'पासून संगीत विभाग हाती घेतला. भोळे नाटकाची सवय मोडणारे होते. 'कुंकू'मध्ये (1937) पार्श्वसंगीत जवळजवळ काढून टाकून घड्याळ, पावलं, भांडी यांच्या आवाजांवर प्रसंग उभे करण्यात आले. संगीतकाराने गप्प कधी राहायचं, हा धडा मराठीत तेव्हा घालून दिला गेला. पुढच्या अनेकांनी तो गिरवला नाही, याचं मला वाईट वाटतं. मास्टर कृष्णरावही प्रभातमध्येच होते. या तिघांच्या काळात संगीतकार हा कंपनीचा पगारी माणूस होता. दर महिन्याला पगार, हाताशी कंपनीचाच वाद्यवृंद, तालमीला हवा तेवढा वेळ. चाल बांधून झाली की ती कंपनीची. तेव्हा यात कुणाला अन्याय वाटला नसावा, कारण पगाराबरोबर निर्धास्तपणाही मिळत होता.

वसंत देसाई हे त्याच घरातलं पोर. सावंतवाडीकडून प्रभातमध्ये आलेला हा मुलगा पडेल ते काम करत संगीतकार झाला. प्रभातचे दिग्दर्शक व्ही. शांताराम म्हणजे शांतारामबापूंनी 1942 मध्ये राजकमल ही स्वतःची चित्रसंस्था काढली तेव्हा तेही तिकडे गेले. 'शकुंतला', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ' ही त्या जोडीची कामं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी दोघांची वाट वेगळी झाली आणि 'नवरंग'चं (1959) संगीत सी. रामचंद्रांकडे गेलं. देसाई थांबले नाहीत, 'गुड्डी'पर्यंत (1971) त्यांचं नाव लागत राहिलं. पण राजकमलसारखं पाठीशी उभं राहणारं घर त्यांना पुन्हा मिळालं नाही. डिसेंबर 1975 मध्ये लिफ्टच्या अपघातात ते गेले.

इथून एक गोष्ट वारंवार दिसू लागते. चित्रपट संगीतकार एखाद्या घराच्या आधाराने मोठा होतो. घर म्हणजे निर्माता किंवा दिग्दर्शक, ज्याला त्याची भाषा कळते आणि जो पुढच्या चित्रपटालाही त्याचंच दार ठोठावतो. घर असेल तर साधी चालसुद्धा दहा जणांपुढे वाजवून, मोडून, पुन्हा बांधून पाहता येते. घर तुटलं की प्रत्येक चित्रपट नव्या नोकरीच्या मुलाखतीसारखा होतो. बाबूजी म्हणजे सुधीर फडके याला बऱ्याच अंशी अपवाद ठरले, कारण त्यांनी आकाशवाणीचं दुसरं घर उभं केलं. 1955-56 मध्ये पुणे केंद्रावरून 'गीतरामायण'ची छप्पन्न गाणी गेली आणि त्यानंतर कुठल्याही निर्मात्याच्या मर्जीवर त्यांचं नाव अवलंबून राहिलं नाही. अशी सुटका फार थोड्यांच्या वाट्याला आली.

नावांचीही एक हकीकत आहे. सुधीर फडक्यांचं जन्मनाव रामचंद्र. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर हिंदीत सी. रामचंद्र झाले, गाताना चितळकर राहिले आणि काही चित्रपटांना त्यांनी अण्णासाहेब या नावाने संगीत दिलं. वासुदेव भाटकर एचएमव्हीच्या करारात बांधलेले होते, म्हणून मुलीच्या नावावरून स्नेहल भाटकर झाले. लता मंगेशकरांनी 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा' आणि 'साधी माणसं' (1965) यांना 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं. 'साधी माणसं'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण, हे समारंभात जाहीर झालं. गायकाचं नाव आवाजालाच चिकटलेलं असतं, कितीही बदललं तरी कान ते ओळखतो. संगीतकाराचं नाव पाटीसारखं असतं, ते काढून दुसरं लावलं तरी चाल तशीच वाजते. जत्रेतल्या त्या उत्तराची मुळं इथे आहेत.

भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'लाही (1969) आनंदघनचंच संगीत होतं आणि दादा कोंडक्यांचं पडद्यावरचं पदार्पण याच चित्रपटातून झालं. इंगवलीच्या माणसाचं चित्रपटातलं पहिलं पाऊल लताबाईंच्या चालींच्या सोबतीने पडलं, हा योग मला फार मोलाचा वाटतो. दोन वर्षांनी दादांनी स्वतः 'सोंगाड्या' (1971) काढला आणि संगीत मिरजेच्या राम कदमांकडे दिलं.

राम कदमांच्या आधी तमाशापटाची चाल वसंत पवारांनी घडवली होती. त्यांचा 'सांगत्ये ऐका' (1959) पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. फडात लावणी रात्रभर वाढते, फुलते, बैठकीच्या लहरीने कुठेही थांबते. चित्रपटात तिला साडेतीन-चार मिनिटांत बसवावं लागतं. पवारांनी ढोलकीचे तुकडे आखडते घेतले, मुखडा आधी आणला आणि कोरसची झील नेमक्या जागी ठेवली. ते 1965 मध्ये अकाली गेले. राम कदमांनी हा वारसा उचलून त्यात आपली भर घातली. एकाच सुमाराला त्यांचे दोन टोकांचे चित्रपट आले. शांतारामबापूंच्या 'पिंजरा'त (1972) लावणी दिमाखाने सजून आली, तर 'सोंगाड्या' आणि 'एकटा जीव सदाशिव'मध्ये (1972) तीच लावणी आणि तेच भारुड गावाच्या चावडीवर येऊन बसलं. माझ्या मते राम कदमांची कारकीर्द समजून घ्यायची तर हे चित्रपट पाठोपाठ ऐकावेत. ढोलकी तीच, पट्टीही बऱ्याचदा जवळची, पण 'पिंजरा'त स्वर लांब खेचले जातात आणि 'सोंगाड्या'त तुटक, बोलल्यासारखे येतात. पडद्यावर गाणारा माणूस कोण आहे, हे या संगीतकाराला कळत होतं. दादा गायक नव्हते, बोलता बोलता गाण्यात शिरणारे नट होते. त्यांच्यासाठी चाल बोलण्याच्या चालीची हवी होती.

'सोंगाड्या'पासून दादांची गाडी धावू लागली. पुढे त्यांच्या नऊ चित्रपटांनी पंचवीस आठवड्यांचा टप्पा ओलांडला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. या यशात संगीताचा वाटा किती, हे कुणी नीट मांडलेलं नाही. दादांच्या चित्रपटांवर लिहिताना सगळी चर्चा द्वयर्थी संवादांवर आणि सेन्सॉरशी झालेल्या भांडणांवर खर्च होते. द्वयर्थी शब्दाला चाल लागते तेव्हा कुठे थांबायचं, कोणता स्वर अर्धवट सोडायचा आणि प्रेक्षकाला हसायला किती मात्रा मोकळ्या ठेवायच्या, हा हिशेब संगीतकाराचा असतो. तो चुकला तर तोच शब्द नुसता ओंगळ वाटतो. संवाद लिहिणाऱ्याला शाबासकी मिळते किंवा शिव्या बसतात, पण मात्रा मोजणाऱ्याचं नावही निघत नाही.

1975 च्या 'पांडू हवालदार'ला नवे संगीतकार आले, राम-लक्ष्मण. ही जोडी दादांनी घडवली. राम म्हणजे सुरेंद्र आणि लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. पाटलांचा जन्म 1942 चा. ते गाणं शिकलेले होते, अकॉर्डियन वाजवायचे आणि ऑर्केस्ट्रात रमलेले होते. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याच्या हाडात एक गोष्ट भिनलेली असते, समोरचा प्रेक्षक कधी उठून जातो ती. आठ मात्रांचा तुकडा लांबला की खुर्च्या हलू लागतात. हे ज्ञान संगीताच्या वर्गात मिळत नाही. दादांनी अशा माणसाला निवडलं, कारण त्यांचे स्वतःचे सगळे दिवस थेट प्रेक्षकापुढे गेले होते. त्यानंतर 'तुमचं आमचं जमलं' (1976), 'राम राम गंगाराम' (1977), 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (1978) अशी रांगच लागली.

या गाण्यांकडे संगीत म्हणून पाहिलं तर त्यांची बांधणी फार विचारपूर्वक केलेली दिसते. मुखडा छोटा असतो, बहुधा दोनच ओळींचा आणि त्यातला एक तुकडा वाद्यावर लगेच परत येतो. म्हणून बँडला ही गाणी सोपी जातात, क्लॅरिनेटने ओळ म्हणायची आणि ट्रम्पेटने तिला जबाब द्यायचा. स्वरांचा पल्ला लहान ठेवलेला असतो, त्यामुळे गळा नसलेल्या माणसालाही ती गाता येतात. बायकापुरुषांचा सवाल-जबाब बहुतेक गाण्यांत आहे. तो तमाशातल्या गौळणीतून आणि बतावणीतून आला. ढोलकी गावाची आणि अकॉर्डियन शहराचा, पण दोघं एकमेकांना ढकलत नाहीत. उषा मंगेशकर आणि महेंद्र कपूर यांच्या आवाजांनी याला आकार दिला. महेंद्र कपूर पंजाबी. त्यांच्या तोंडी मावळी बोलीचे शब्द देणं हे धाडस होतं, पण त्यांच्या आवाजातली खणखणीत धार दादांच्या चेहऱ्यावर अशी बसली की महाराष्ट्राने तो आवाज दादांचाच मानला. इथे गायकाचं नावसुद्धा नटात विरघळलं, तसंच संगीतकाराचंही. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'मधलं एक गाणं 2019 च्या 'ड्रीम गर्ल' या हिंदी चित्रपटात नव्या साजात आलं. चाळीस वर्षांनी हिंदीतल्या तरुण प्रेक्षकांना नाचवायला तीच चाल पुरली.

जोडीच्या वाट्याला मात्र सुख फार काळ आलं नाही. मराठीतलं यश पाहून राजश्री या हिंदी चित्रसंस्थेने त्यांना 'एजंट विनोद'साठी घेतलं आणि 1976 मध्येच राम गेले. विजय पाटलांनी जोडीचं नाव सोडलं नाही. 'एजंट विनोद' (1977), 'तराना' (1979) अशी वाट चालत त्यांनी 'मैने प्यार किया'पर्यंत (1989) मजल मारली. या चित्रपटासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. मग 'हम आपके हैं कौन' (1994) आला, चौदा गाण्यांचा. त्या वर्षापासून उत्तरेकडची लग्नंसुद्धा या गाण्यांवर होऊ लागली. दादांकडचा अनुभव त्यांना तिथे उपयोगी पडला असं मी ठामपणे म्हणतो. छोटा मुखडा, वाद्याने दिलेला जबाब, बायकापुरुषांची जुगलबंदी, सगळ्या कुटुंबाला एका दमात म्हणता येईल अशी झील, हे सगळं इंगवलीच्या माणसाच्या चित्रपटांत आधीच घोटून झालं होतं. राजश्रीने त्याला घरंदाज कपडे घातले. 'मैने प्यार किया'तल्या काही चालींवर परदेशी गाण्यांची सावली स्पष्ट दिसते. तो दोषच आहे आणि तो झाकायचं कारण नाही. पण तेवढ्यावरून या माणसाला उचलेगिरीच्या रकान्यात टाकणाऱ्यांनी 1975 ते 1982 मधली त्याची मराठी कामं ऐकलेली नसतात.

'हम साथ साथ हैं' (1999) नंतर राजश्रीचा पुढचा मोठा चित्रपट 2003 मध्ये आला तो अनू मलिक यांच्या संगीताने आणि 'विवाह' (2006) रवींद्र जैन यांच्याकडे गेला. राम-लक्ष्मण हे नाव हिंदीतून हळूहळू दिसेनासं झालं. वसंत देसाईंच्या बाबतीत जे घडलं तेच पुन्हा घडलं, घर सुटलं आणि तसं दुसरं मिळालं नाही. राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना 2018 मध्ये जाहीर झाला, 'पांडू हवालदार'नंतर त्रेचाळीस वर्षांनी.

चाल कुणाची, हा प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या खोलीतही इतका सरळ नसतो. संगीतकार पेटीवर चाल बांधतो. ती पन्नास वादकांना वाजवता यावी म्हणून अरेंजर तिचे तुकडे पाडतो, व्हायोलिनला काय, चेलोला काय, बासरी कुठे शिरेल, हे नोटेशनवर लिहितो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हे काम दीर्घकाळ गोव्याच्या माणसांनी केलं. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य लिपी शिकलेले सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, सी. रामचंद्रांबरोबर काम करणारे चिक चॉकलेट ही त्यांतली नावं. मराठीत प्रभाकर जोग यांनी बाबूजींबरोबर हेच केलं, व्हायोलिन हातात घेऊन. अनिल मोहिले यांचं नाव वादकांच्या तोंडी आजही आदराने येतं. गाणं सुरू होण्याआधीचा वाद्यांचा जो तुकडा ऐकून आपण गाणं ओळखतो, तो पुष्कळदा यांच्यातल्या कुणाच्या तरी डोक्यातून आलेला असतो. श्रेयनामावलीत यांचं नाव 'सहायक' म्हणून बारीक अक्षरांत यायचं, किंवा यायचंच नाही. संगीतकाराच्या वाट्याला आलेल्या विस्मृतीबद्दल लिहिताना त्याच्या मागे उभ्या असलेल्या या माणसाला विसरणं बरं नव्हे.

आता पैशाचं. पगारी दिवस संपल्यावर संगीतकाराला एका चित्रपटाचं ठोक मानधन मिळू लागलं. तबकडी विकली गेली, रेडिओवर वाजली, हॉटेलात वाजली, तरी त्या ठोक रकमेपलीकडे मिळेल याची खात्री नव्हती. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये लावला. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संगीतकार-गीतकारांची संस्था 1969 मध्ये स्थापन झालेली, तिच्या आणि चित्रपट निर्मात्यांच्या खटल्यात निकाल आला. निर्मात्याने मोबदला देऊन संगीत करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माता. न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपणात गायकाला कायद्यात जागा नसल्याची खंत नोंदवली. संगीतकाराच्या हाती मात्र त्या निकालाने फार काही उरलं नाही. 'राम राम गंगाराम' त्याच वर्षी आला, त्यातल्या चाली या कायद्याच्या छायेतच जन्मल्या.

हे बदलायला 2012 उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेर गाणं जिथे जिथे वापरलं जाईल, तिथल्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांना हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा ठरवून दिला आणि हा हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून इतर कुणाला लिहून देता येणार नाही, अशी मेख मारली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. माझ्या मते 1932 पासूनच्या सगळ्या वाटचालीत संगीतकाराच्या बाजूने पडलेलं हे सगळ्यात मोठं पाऊल आहे. तरी कायदा आला म्हणजे पैसा आला असं होत नाही. संस्थेचं सभासद व्हावं लागतं, आपल्या कामांची नोंद करावी लागते, करार वाचावा लागतो. तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईत जाणाऱ्या तरुण मुलाला पहिला चित्रपट मिळतो तेव्हा तो आनंदात असतो आणि सही कशावर केली हे त्याला वर्षभराने कळतं. जत्रेतल्या देवकार्यात किंवा लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या बँडला कायद्यानेच सूट आहे आणि ती असावीच. पैशाची मागणी तिथे नाही, पण नाव घ्यायला कुठलाच कायदा आड येत नाही.

आजची कारकीर्द वेगळ्या चौकटीत घडते. बऱ्याच निर्मात्यांनी 'पॅकेज' सुरू केलं आहे. एकच रक्कम संगीतकाराच्या हातात ठेवायची आणि त्यातून स्टुडिओ, वादक, गायक, मिक्सिंग सगळं त्याने भागवायचं. जितके जिवंत वादक कमी, तितकी त्याची शिल्लक जास्त. म्हणून संगणकातली ढोलकी वाजते आणि खरी ढोलकी वाजवणारा घरी बसतो. ही रीत मराठी संगीताच्या मुळावर येणारी आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. अजय-अतुल तिच्या विरुद्ध दिशेला गेले. त्यांचं बालपण वडिलांच्या महसूल खात्यातल्या बदल्यांमुळे जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशा पुणे जिल्ह्यातल्याच गावांत गेलं. 'जोगवा'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'नटरंग'ने (2010) लावणी पुन्हा शहराच्या तोंडी आणली आणि 'सैराट'साठी (2016) त्यांनी लॉस एंजलिसच्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. जिवंत वाद्यांवर खर्च करण्याची त्यांची हट्टी तयारी हेच त्यांच्या यशाचं कारण मला वाटतं. मात्र तेवढा खर्च उचलणारा निर्माता शंभरांत एखाद्यालाच लाभतो. बाकीच्यांना दुसरा आधार शोधावा लागतो. आनंद मोडक बँकेतली नोकरी सांभाळून 'एक होता विदूषक' आणि 'मुक्ता' करत होते. भास्कर चंदावरकर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते आणि 'सामना' (1975) किंवा 'श्वास' (2004) अशा निवडक चित्रपटांना संगीत देत होते. अशोक पत्की यांना जाहिराती आणि मालिकांच्या शीर्षकगीतांनी हात दिला. बाहेर उदरनिर्वाहाची सोय असलेल्यांनी चित्रपटात धीटपणे काम केलं, हे या तिघांकडे पाहून कळतं.

भोर-वेल्ह्याचा चित्रपटाशी संबंध आता दोन वाटांनी आहे. भोरचा राजवाडा आणि आसपासचे घाट चित्रीकरणाला लागतात. जनरेटरच्या गाड्या येतात, गावातली मुलं गर्दीत उभी राहतात. पण चित्रीकरणाला संगीतकार बहुधा येत नाही. त्याचं गाणं आधीच मुंबईत झालेलं असतं आणि पार्श्वसंगीत पुढे कधीतरी, अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे पाहत होणार असतं. चित्रपटाचा एवढा पसारा गावात उतरतो, त्यात चाल बांधणारा तेवढा दिसत नाही. दुसरी वाट शिवचरित्रपटांची. राजगड आणि तोरणा वेल्ह्यात, म्हणून तर मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगड हे नाव द्यायचा निर्णय घेतला. कान्होजी जेधे कारीचे, बाजीप्रभू शिंदचे, दोन्ही गावं भोर तालुक्यातली. देवदत्त मनीषा बाजी यांनी 'फत्तेशिकस्त' (2019) आणि 'पावनखिंड' (2022) यांना संगीत दिलं. या पिढीने तुतारी, संबळ, हलगी, गोंधळ यांना मोठ्या पडद्यावर आणलं, ही चांगली गोष्ट झाली. माझी तक्रार एवढीच की आता प्रत्येक शिवपट पहिल्यापासून शेवटपर्यंत दणाणत असतो. लढाईच्या आधीची शांतता, माचीवरचा वारा, चोरदरवाजाशी दबलेली पावलं यांना वाव उरत नाही. भोळ्यांनी 'कुंकू'त घालून दिलेला धडा इथे आठवायला हवा. रात्री राजगडावर पद्मावतीच्या देवळापाशी जो बसला आहे, त्याला ठाऊक असतं की तिथे काहीच वाजत नाही.

या दोन तालुक्यांतली हलगी, संबळ आणि धनगरी ओवी चित्रपटांनी पुष्कळ घेतली. घेणाऱ्याचं नाव कधीकधी छापलं जातं, पण ज्यांच्याकडून घेतलं त्या गोंधळ्याचं, वाघ्याचं नाव बहुधा छापलं जात नाही. चालीच्या मालकीची साखळी अशी तळापर्यंत जाते. संगीतकाराने हक्क मागावा, हे मी वर लिहिलं आहे. गोंधळ्याचा सूर घेतला असेल तर श्रेयनामावलीत त्याचं नाव आणि गाव त्यानेही लिहावं.

दादा कोंडक्यांचं निधन 14 मार्च 1998 ला झालं. विजय पाटील 22 मे 2021 ला नागपुरात गेले. 'राम'ला जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं होत आली होती. त्या सगळ्या काळात विजय पाटलांनी एकट्याने बांधलेली प्रत्येक चाल राम-लक्ष्मण या दोघांच्याच नावाने बाहेर पडली.